नलिनीआजींजवळ तेव्हा कोण होतं

आमच्या केअर होममध्ये कुणी गेलं की बेरिल त्या खोलीची खिडकी उघडायची. पूर्ण नाही, वीतभर. बाहेर कितीही गारठा असला तरी. आधी त्या माणसाचे डोळे मिटवायची, मग खिडकी उघडायची आणि मग मॅनेजरला बोलवायची. मी कामावर नवीन होते तेव्हा तिला विचारलं होतं, हे कशाला? ती म्हणाली, "जायला वाट नको का, लव्ह?" बेरिल आमच्यातली सगळ्यात जुनी केअरर. तिची आई इथे साउथहॅम्प्टनला, गोदीजवळच्या गल्ल्यांमध्ये, कुणी वारलं की आंघोळ घालायला घरोघरी जायची. खिडकीची पद्धत तिच्याकडून आलेली.

कामावर येताना बसस्टॉपवरून इमारतीची मागची बाजू आधी दिसते. साथ आली त्या वसंतात मी खिडक्या बघत यायला लागले. एखादी वीतभर उघडी दिसली की आत जाऊन कुणाबद्दल विचारायचं नाही, ते कळायचं. पहिल्यांदा एक दिसली. मग दोन. मग मी खाली फरशीकडे बघत चालायला शिकले.

नंतर एके दिवशी सूचना आली की हवा खेळती राहू द्या, सगळ्या खोल्यांच्या खिडक्या उघड्या ठेवा. मला ते कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बसमधून उतरले आणि सवयीनं वर पाहिलं, तर दोन्ही मजल्यांवरच्या सगळ्याच्या सगळ्या खिडक्या वीतभर उघड्या. पडदे बाहेर ओढले जात होते. आत कुणाचाही आवाज नाही. मी स्टॉपच्या खांबाला धरून उभी राहिले. नंतर कारण कळलं, हसूही आलं. पण आजारपणाबद्दल काही लिहायचं म्हटलं की माझ्यासाठी सुरुवात तिथेच होते, त्या खिडक्यांपाशी.

मी का लिहितेय

साथीच्या काळात केअर होममधल्या आणि घरी सांभाळल्या जाणाऱ्या म्हाताऱ्या, अपंग माणसांचं काय झालं, याची इथे सार्वजनिक चौकशी सुरू आहे. मोठी माणसं साक्षी देतात ते टीव्हीवर दिसतं. पण त्याबरोबरच साध्या माणसांचे अनुभवही नोंदवून घेतात. मी तिथे गेले होते. तिथे जे झालं ते सांगण्याआधी माझं आजारपण सांगावं लागेल, कारण दोन्ही एकमेकांत अडकलेली आहेत.

मला लिहिण्याचा सराव नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. बाबा इथे एका रेस्टॉरंटमध्ये कुक आहेत, आई हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्री करते. मी पाचवीपर्यंत मराठी शाळेत शिकले आणि मग इथे आले. बारावीसारखी इथली परीक्षा झाली आणि कॉलेज सुरू व्हायच्या आधी केअर होममध्ये कामाला लागले. वाटलं होतं, थोडे महिने करू. पण आजारपणामुळे कॉलेज लांबलं, मधेच सुटलं, पुन्हा धरलं. आता शेवटच्या वर्षाला आहे. ज्यांना अजून बरं वाटत नाहीये आणि घरचे म्हणतात "आता तर टेस्ट निगेटिव्ह आली ना", त्यांनी हे वाचावं असं वाटतं.

नेली

कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत नलिनीआजी होत्या. तिथले लोक त्यांना नेली म्हणायचे. साठ वर्षांपूर्वी डॉक्टर नवऱ्याबरोबर इथे आलेल्या, शाळेत गणित शिकवलेल्या. पण विसरण्याच्या आजारात त्यांचं इंग्रजी आधी गेलं. मराठी राहिलं. मी कामाला लागेपर्यंत त्या दिवसभर बोलायच्या आणि कुणाला एक शब्द कळायचा नाही. पहिल्या दिवशी मी दारातून म्हटलं, "आजी, आत येऊ का?" तर त्यांनी वर न बघताच म्हटलं, "ये की. दार काय माझ्या बापाचं आहे?"

माझी ड्यूटी संपली की त्या मला जवळ बोलवायच्या. दोन्ही तळवे माझ्या कपाळावरून गालांपर्यंत उतरवायच्या, मुठी स्वतःच्या कानशिलांवर दाबायच्या आणि कडाकडा बोटं मोडायच्या. दृष्ट काढायच्या. बोटं मोठ्यानं वाजली तर म्हणायच्या, "कुणाची एवढी नजर लागली गं तुला? ही काळी पँट बघून?" दार लोटलेलं असायचं, त्यामुळे हे आमच्या दोघींतच होतं.

भेटी बंद झाल्यावर त्यांची मुलगी शैला वॉटफर्डहून गाडी चालवत यायची आणि बागेतल्या चिखलात उभी राहून काचेला हात लावायची. आजी मला विचारायच्या, "ती बाई कोण? तिला आत घ्या, भिजतेय." मी म्हणायचे, "तुमची शैला आहे." त्यावर त्या म्हणायच्या, "मग तर आधी घ्या."

मी सुट्टीवर असले की बेरिलचे हाल व्हायचे. आजी पाणी घ्यायच्या नाहीत, कूस बदलू द्यायच्या नाहीत. म्हणून बेरिलनं एकदा स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. "यात बोल, ॲश. रोजचंच. मी वाजवेन." माझं नाव अश्विनी, पण बेरिल ॲशच म्हणते. मी आजींच्या खोलीतच उभी राहून बोलले. आजी, पाणी घ्या बघू. आजी, या कुशीवर वळा. दुखतंय का कुठे? चहा आणलाय, उठा. बेरिल प्रत्येकाला इंग्रजीत नाव देत होती. शेवटी तिनं बंद करायच्या आत मी आपलंच एक घातलं: मी इथेच आहे. मागून आजी ओरडल्या, "ओरडतेस कशाला? मी बहिरी नाही."

त्यानंतर काही दिवसांनी हॉस्पिटलमधून एक आजोबा आमच्याकडे परत आले. त्यांची टेस्ट झाली होती का, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. ते खूप खोकायचे. मास्क जपून वापरा म्हणून सांगितलं होतं, म्हणून जपून वापरत होतो. मग एकेक दार बंद व्हायला लागलं.

मिरच्या

माझं निदान आईनं केलं, पण तिला ते कळलं नाही.

मी दोन दिवस अंगदुखीनं घरीच होते. आई म्हणाली, त्या म्हाताऱ्या माणसांत जातेस, तुला कुणाची तरी नजर लागलीय. तिनं मला स्वयंपाकघरात उभं केलं, मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन माझ्यावरून उतरवल्या आणि गरम तव्यावर टाकल्या. आमचा फ्लॅट लहान आहे. धूर भरला. बाबा हॉलमधून खोकत आले. रेस्टॉरंट बंद असल्यामुळे ते दिवसभर घरीच असायचे. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वरच्या मजल्यावरच्या बाईनं फरशीवर ठोकलं. मग छतावरचा अलार्म सुरू झाला.

मी मधोमध उभी होते. माझे डोळे चुरचुरत होते, घशात खवखवत होतं. पण वास नव्हता. धूर दिसत होता, तवा दिसत होता, मिरच्या काळ्या पडताना दिसत होत्या, आणि वासाच्या जागी काहीच नव्हतं. कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद करावा तसं. मी तव्यावर वाकले. नाक जवळ नेलं.

"आई, वास येत नाहीये."

आईचा चेहरा उजळला. आमच्यात मानतात की दृष्ट खरी असेल तर मिरच्यांचा वास येत नाही. "बघा! म्हटलं नव्हतं? मोठीच लागली होती. गेली आता."

बाबा खोकता खोकता थांबले. त्यांनी मला पाहिलं, आईला पाहिलं. "अगं," ते म्हणाले, "आपल्याला आलाय की वास. तिलाच नाही आला."

आम्ही तिघं त्या धुरात उभे राहिलो. अलार्म वाजतच होता. बाबांनी सवयीनं जाऊन खिडकी उघडली, आणि मी किंचाळले, "उघडू नका!" का ते त्यांना कळलं नाही. मी तेव्हा सांगूही शकले नाही.

न उघडणारी खिडकी

माझं वय बघता मला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण जिना चढताना ओठ निळे दिसले आणि ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. आई जिन्यात उभी होती. तिला बरोबर येऊ दिलं नाही. ती ॲम्ब्युलन्सवाल्याला मराठीतच सांगत होती, "तिला चहात साखर लागते, दोन चमचे." तो मुलगा म्हणाला, "ओके, मॅम."

वॉर्डमध्ये सगळे झाकलेले. कुणाचा चेहरा नाही. छातीवर मार्करनं नाव लिहिलेलं, त्यावरून ओळखायचं. मी डोळे बघून ठरवायचे की हे माणूस हसतंय का. माझ्या समोरच्या बेडवर एक बाई होती, ती रोज सकाळी मला हात करायची. एकदा पडदा ओढला गेला आणि तो उघडला तेव्हा बेड अंथरलेला होता. चादरीला एक सुरकुतीही नव्हती.

बाबा रेस्टॉरंटची व्हॅन घेऊन हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये येऊन बसायचे. आत येता येत नव्हतं, तरी यायचे. फोनवर विचारायचे, "तुझी खिडकी कुठली? मी बघतोय." मला घाम फुटायचा. बाबा खाली बसून खिडक्या बघतायत, आणि कुठली बघायची नाही ते त्यांना माहीत नाही.

मग माझ्या लक्षात आलं की वॉर्डच्या खिडक्या उघडतच नाहीत. जाड काच, कडी नाही, बिजागऱ्या नाहीत. तापात माणसाचा हिशेब वेगळाच असतो. मी ठरवून टाकलं की खिडकी उघडत नाही म्हणजे मी मरू शकत नाही. वाट नाही तर जाणार कुठून? तुम्ही हसाल, पण त्या काचेनं मला जेवढा धीर दिला तेवढा कुणी दिला नाही. भीती वाटली की मी तिच्याकडे बघायचे.

एका दुपारी, ऑक्सिजन वाढवला होता तेव्हा, मी आजींच्या खोलीत गेले. मी स्वप्नात गेले असं लिहायला हवं, पण स्वप्नासारखं ते नव्हतं. बाहेर दिवेलागणीचा उजेड होता. मी खुर्ची पलंगाला चिकटवून बसले होते. आजींचा श्वास लांब लांब पडत होता. माझा स्वतःचा आवाज मला खोलीतून ऐकू येत होता, पण माझे ओठ हलत नव्हते. आजींनी डोळे उघडले. दोन्ही हात उचलले आणि माझ्या चेहऱ्याकडे आणले. पण बोटं मला लागली नाहीत. मधे काहीतरी होतं. प्लॅस्टिक. त्यांची नखं त्यावर टक टक वाजली. मग त्यांनी मुठी आपल्या कानशिलांवर नेल्या.

जाग आली तेव्हा नर्स माझ्यावर वाकली होती. तिच्या छातीवर एक हसरा चेहरा काढलेला होता. ती म्हणाली, "तू तुझ्या भाषेत एकच वाक्य परत परत म्हणत होतीस." तिनं ते जमेल तसं म्हणून दाखवलं. मी इथेच आहे.

मी घरी आल्यावर कळलं, आजी गेल्या. मी वॉर्डमध्ये होते त्याच आठवड्यात.

बरं होणं

ज्यांचं असं झालंय त्यांना सांगते, बरं होणं सरळ रेषेत होत नाही. मला आंघोळ केल्यावर बाथरूमच्या फरशीवर बसावं लागायचं. आई बाहेरून विचारायची, "पाणी बंद झालं, मग आत काय करतेस?" मी म्हणायचे, "बसलेय." ती म्हणायची, "एवढ्या वयात?" तिचं चुकत नव्हतं. ती स्वतः ताप अंगावर काढून इस्त्री करत आलेली. बिछान्यात पडून राहणारी धडधाकट मुलगी तिनं पाहिली नव्हती. एकदा आमचं जोरात भांडण झालं. नंतर तिनं काही न बोलता बाथरूममध्ये एक प्लॅस्टिकचं स्टूल आणून ठेवलं. ते स्टूल अजून आहे. तुम्हीही ठेवा, लाज वाटू देऊ नका. आणि वास येत नसेल तर गॅस बंद केलाय की नाही ते दुसऱ्याला बघायला सांगा.

वास परत आला तो वाकडा. कोथिंबिरीला साबणाचा, कॉफीला जळक्या रबराचा. बाबा रोज काहीतरी नाकाशी धरायचे आणि परीक्षेला बसल्यासारखे माझ्याकडे बघायचे. "हे काय? ओळख." लवंगेचा खरा वास आला तेव्हा त्यांनी शिट्टी वाजवली.

आणि मधेच, बसमध्ये, लायब्ररीत, काही कारण नसताना, खोबरेल तेलाचा वास यायचा. आजींच्या केसांना असायचा तो. डॉक्टर म्हणाले, असे भासाचे वास येतात, घाबरू नकोस. मी घाबरत नव्हते. फक्त तो आला की मी शेजारची सीट मोकळी ठेवायचे.

शैलामावशींचा फोन

या वर्षी महाराष्ट्र मंडळातल्या कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून शैलामावशींनी फोन केला. मी काचेतून पाहिलेली तीच बाई. त्या इथेच जन्मल्या, त्यांचं मराठी तसंच आहे.

"अश्विनी? तू आईची अश्विनी ना? मी चौकशीला माझी स्टेटमेंट देते आहे. तू येशील? तुला फक्त एक सांगायचा आहे. की तू होतीस."

"कुठे, मावशी?"

"आईजवळ. शेवटी. मॅनेजरनी मला फोनवर सांगितला, कुणीतरी तिच्याशी तिच्या भाषेत बोलत होता. दुसरा कोण असणार? तूच." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "माझ्याकडे तेवढाच एक गोष्ट आहे. इतकी वर्षं. की ती एकटी नाही मेली."

मी म्हटलं, थोडा वेळ द्या.

मला ती खोली आठवत होती. तो उजेड, तो श्वास. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "काहीतरीच काय? तू हॉस्पिटलात होतीस. मी त्या जिन्यातून हलले नव्हते." मग मी नव्हते. मग तिथे मराठी कोण बोलत होतं? त्या होममध्ये माझ्याशिवाय मराठी येणारं कुणी नव्हतं. आणि कुणीच नसेल, मॅनेजरनं नुसतंच समजूत घालायला सांगितलं असेल, तर मी शैलामावशींची ती एक गोष्ट काढून घ्यायची का? की हो म्हणायचं? सरकारी चौकशीत? मी बरेच दिवस नीट झोपले नाही.

शेवटी बेरिलला फोन केला. ती केव्हाच रिटायर झाली होती. मी विचारलं, नलिनीआजी गेल्या तेव्हा त्यांच्याजवळ कोण होतं? मग ती म्हणाली, "फोनवर नको, लव्ह. कुठे जायचंय ते सांग, मी येते."

हॉल

एका कम्युनिटी हॉलमध्ये गोल खुर्च्या मांडल्या होत्या. मधे टिश्यूंचा डबा, बिस्किटं, आणि आवाज टिपणारं छोटं यंत्र. नोंद घेणारी बाई मवाळ होती, आमच्यासाठी तिनंच चहा केला.

मी आत जायच्या आधी पार्किंगमध्येच शैलामावशींना सांगून टाकलं. "मावशी, मी नव्हते तिथे. मी हॉस्पिटलमध्ये होते. मला माफ करा." त्यांनी गाडीच्या दाराला धरलं. बागेत, काचेपलीकडे दिसायचा तसाच त्यांचा चेहरा झाला. मग एवढंच म्हणाल्या, "मग कोण बोलत होता?"

बेरिल बसनं आली. तिची बोटं आता सांध्यांत सुजलेली आहेत, पर्स दोन्ही हातांनी धरून बसली. ती इंग्रजीत बोलली, मी इथे आपल्या भाषेत लिहितेय.

"मी होते," ती म्हणाली. "एका खोलीत फार थांबू नका म्हणून सांगितलं होतं. मी थांबले. उजेड कमी होत होता. तिचा श्वास बदलला होता. मला तिच्याशी बोलता येईना, म्हणून ॲशला लावलं. फोनवर. आधी पाणी, मग कूस. मग ते शेवटचं, ज्याला मी नावच दिलं नव्हतं. त्याचा अर्थ मला माहीत नाही. त्याचा आवाज सगळ्यात मायेचा होता, म्हणून तेच लावत राहिले."

मी अर्थ सांगितला. शैलामावशींनी तोंडावर हात ठेवला.

"फोन कुठे आहे तो?" त्यांनी विचारलं.

"गेला, डिअर. पाण्यात पडला, पुन्हा चालूच झाला नाही." बेरिल पर्सच्या पट्ट्याशी खेळत होती. "मी तुला येऊन सांगायला हवं होतं. पण पुढचं कसं सांगणार होते? तिनं डोळे उघडले. मला वाटलं, मला बघतेय. तिनं हात उचलले आणि माझ्या चेहऱ्यापुढच्या प्लॅस्टिकच्या व्हायझरवरून फिरवले. असे, वरून खाली. आणि मग स्वतःचं डोकं धरलं. दोन्ही मुठींनी. एवढ्या जोरात दाबलं की हाडं वाजलेली मला ऐकू आली. तिचं डोकं फुटत असणार. मी बेल दाबली, वेदनेचं औषध द्यायला कुणीतरी या म्हणून. सगळे दुसरीकडे अडकलेले. कुणी यायच्या आत ती गेली. डोकं धरून. मी खिडकी उघडली." तिनं वर पाहिलं. "ती एकटी नव्हती, डिअर. पण ती दुःखात गेली, आणि मी काही करू शकले नाही."

मी एवढंच विचारलं, "बेरिल, व्हायझर कधी आले?"

"तू गेल्यावर. तू असताना कुठे होते?"

माझ्याबद्दलचं मी त्या खोलीत काहीच बोलले नाही. नखांचा टक टक आवाज मी इथेच पहिल्यांदा लिहितेय. त्याचं काय करायचं ते मला अजून माहीत नाही. आजींना मी कितीदा तसं करताना पाहिलं होतं, त्यातूनच मनानं जुळवलं असेल. प्लॅस्टिक कुठून जुळवलं, ते सांगता येत नाही.

शैलामावशी उठून बेरिलसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी दोन्ही तळवे तिच्या चेहऱ्यावरून उतरवले आणि मुठी आपल्या कानशिलांवर दाबल्या.

"असं?"

"असंच," बेरिल म्हणाली. ती मागे सरकली होती.

"ते दुखणं नव्हतं." शैलामावशी हसत होत्या आणि त्यांचं नाक वाहत होतं. "शाळेच्या गेटवर रोज सकाळी ती हे मला करायची. सगळ्या इंग्लिश मुलींसमोर. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. याचा अर्थ, तुझ्यावर जे काही वाईट येणार असेल ते मी माझ्यावर घेते. बोटं वाजली म्हणजे घेतलं."

बेरिल बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिली. यंत्रावरचा लाल दिवा तेवढा लुकलुकत होता.

"मला ते कधी झालंच नाही, माहितेय?" ती हळू म्हणाली. "त्या कॉरिडॉरमध्ये काम करणारे सगळे आजारी पडले. ॲश पडली. मी रोज त्याच खोल्यांत होते. डॉक्टरांनासुद्धा नवल वाटलं. मला एकदाही झालं नाही."

नोंद घेणाऱ्या बाईनं हातात धरलेला चहाचा कप तसाच होता. मला खोबरेल तेलाचा वास आला. मी कुणाला विचारलं नाही की तुम्हालाही येतोय का.

"मला करा ना," शैलामावशी म्हणाल्या. त्या बेरिलपुढे खाली गुडघ्यांवर बसल्या, साठीला आलेली बाई. "तिला शेवटचं हे करताना तुम्हीच पाहिलंय. मला करा."

बेरिलनं पर्स खाली ठेवली. दोन्ही तळवे मावशींच्या कपाळावरून गालांपर्यंत आणले, आता मधे काही नव्हतं. मुठी आपल्या पिकल्या कानशिलांवर नेल्या आणि दाबल्या. तिची सुजलेली बोटं वाजतील असं मला वाटलं नव्हतं. ती एवढ्या मोठ्यानं वाजली, एकामागून एक, की नोंद घेणारी बाई दचकली आणि चहा सांडला.

आमच्या बोलण्याची लेखी नोंद नंतर तपासायला म्हणून घरी आली. मी सगळी वाचली. आम्ही जे बोललो ते बरोबर उतरवलंय. त्या एका जागी फक्त लिहिलंय, ‘अस्पष्ट आवाज’.

आम्हाला तिघींना तो स्पष्ट ऐकू आला होता.